आंतरराष्ट्रीय युवा नाट्यमहोत्सव : पालक, शिक्षक आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-महाविद्यालयांतील मुलांना घेऊन देशोदेशीच्या नाट्यमहोत्सवांची तयारी सुरू झाली, की पालकसभेत दरवर्षी साधारण तेच प्रश्न पुढे येतात. मुलांबरोबर नाटकाचे काम करताना ज्या प्रश्नांची उत्तरे मला पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत गैरसमज अधिक आहेत.

आमच्या मुलांनी नाटक बसवून न्यायचे असते का?

काही महोत्सवांत न्यायचे असते, काहींत मुळीच नाही, आणि हा फरक अर्ज भरण्याआधीच समजून घ्यायला हवा. महाराष्ट्रातल्या मुलांच्या मनात नाटक म्हटले की आधी स्पर्धा येते, आणि त्यात वावगे काही नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेला पुरुषोत्तम करंडक, राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा आणि गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांनी आपल्या रंगभूमीला नट, लेखक आणि दिग्दर्शक दिले आहेत. तिथे आपले महाविद्यालय आपली संहिता घेऊन, आपल्याच मित्रांबरोबर महिना-दोन महिने तालमी करून रंगमंचावर उतरते आणि ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीला आपलेच नाव जोडले जाते.

सहनिर्मितीच्या महोत्सवात मात्र मुले पोचल्याच्या पहिल्याच दिवशी शाळांचे गट मोडले जातात. नागपूरचा मुलगा, क्वालालंपूरची मुलगी आणि व्हिएन्नाची जुळी भावंडे अशी वीस-पंचवीस मुले एका कलावंत-शिक्षकाच्या हाती सोपवली जातात, आणि तीन-चार दिवसांत त्यांनी मिळून, हातात कोणतीही तयार संहिता नसताना, पंधरा-वीस मिनिटांचे काहीतरी उभे करायचे असते. परीक्षक नसतात, क्रमांक नसतात. इंटरनॅशनल स्कूल्स थिएटर असोसिएशन ही संस्था १९७८ पासून जगभरच्या शाळांसाठी याच पद्धतीचे महोत्सव भरवत आली आहे. तिसरा एक मिश्र प्रकारही आहे, ज्यात प्रत्येक देशाचा गट आपला प्रयोग सादर करतो आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या एकत्र कार्यशाळा होतात. जर्मनीतल्या लिंगेन या लहानशा गावात १९९० मध्ये सुरू झालेला जागतिक बालनाट्य महोत्सव या प्रकारचा आहे.

माझा अनुभव सांगते. पहिल्यांदा मुलांना घेऊन गेले, तेव्हा आम्ही एक घोटून पक्की केलेली एकांकिका बरोबर नेली होती. प्रयोग चांगला झाला. परंतु दुसऱ्या दिवशीच्या मिश्र कार्यशाळेत ‘इथून पुढे काय करायचे ते तुम्हीच ठरवा’ असे सांगितल्यावर आमची मुले माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. दिग्दर्शकाने सांगितलेली जागा न चुकता घेणे त्यांना उत्तम येत होते, पण दुसऱ्याने मांडलेल्या अर्धवट कल्पनेत आपली भर घालणे त्यांना मी कधी शिकवलेच नव्हते. तेव्हापासून आमची तयारी बदलली.

या महोत्सवांची कल्पना आली तरी कुठून?

यामागचे मोठे कारण दुसरे महायुद्ध आहे. ज्या देशांनी एकमेकांची शहरे बेचिराख केली, त्यांच्या पुढच्या पिढीला एकत्र आणायचे कसे, हा युरोपापुढचा खरा प्रश्न होता. युनेस्कोच्या पुढाकाराने १९४८ मध्ये इंटरनॅशनल थिएटर इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तर हौशी रंगकर्मींची आंतरराष्ट्रीय संघटना १९५२ मध्ये उभी राहिली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला, तेव्हा दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालयच उघडले, आणि त्याच्या मदतीने होणाऱ्या युवक-भेटींत आजही नाटकाला जागा आहे. पुढे १९६५ मध्ये पॅरिस येथे बाल व युवा रंगभूमीची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे ‘असितेज’, स्थापन झाली. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व आणि पश्चिम या दोन्ही गटांतले रंगकर्मी या एका संघटनेत बसत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लिंगेनचा पहिला महोत्सव भरला तो बर्लिनची भिंत पडल्याच्या पुढच्याच वर्षी.

त्याच १९६५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने नटांचा एक चमू शाळाशाळांत पाठवायला सुरुवात केली आणि ‘शिक्षणातील नाटक’ या चळवळीचा उगम झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानेही १९८९ मध्ये असे स्वतंत्र पथक उभारले. नाटक शिकवायचे, आणि नाटकातून शिकवायचे, हे दोन्ही प्रवाह आजच्या युवा महोत्सवांत एकत्र वाहतात.

‘मुलांसाठी नाटक’ आणि ‘मुलांचे नाटक’ हे एकच नव्हे का?

नाही, आणि चुकीच्या ठिकाणी अर्ज जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. असितेजचे काम प्रामुख्याने मुलांसाठी नाटक करणाऱ्या प्रौढ, बहुतांशी व्यावसायिक, कलावंतांचे आहे. तिची जागतिक परिषद साधारण तीन वर्षांनी भरते, २०१७ मध्ये ती केपटाउनला आणि २०२४ मध्ये हवानाला झाली. २० मार्च हा बाल व युवा रंगभूमीचा जागतिक दिवसही असितेजच्याच पुढाकाराने पाळला जातो. तुमच्या आठवीच्या वर्गाला रंगमंचावर उतरायचे असेल, तर त्यांच्यासाठी शालेय किंवा हौशी युवा रंगभूमीचे महोत्सव शोधावेत. शिक्षकांनी मात्र असितेजच्या कामाकडे जरूर लक्ष ठेवावे, कारण मुलांना काय दाखवायचे याचा विचार तिथे फार गंभीरपणे होतो.

दिवसभर मुले नेमके करतात काय?

सकाळी अंग मोकळे करण्याचे व्यायाम आणि खेळ होतात, त्यानंतर आपल्या गटाबरोबर दोन-तीन तासांची तालीम, दुपारी एखाद्या वेगळ्या कलाप्रकाराची कार्यशाळा आणि पुन्हा तालीम, असा साधारण क्रम असतो. बहुतेक यजमान आपल्या गावाशी जोडलेला एखादा विषय देतात. नदी, बंदर, बाजारपेठ, स्थलांतर असा तो विषय असतो, आणि मुलांना त्या जागी प्रत्यक्ष नेले जाते. तिथे त्यांनी पाहायचे, ऐकायचे, माणसांशी बोलायचे आणि परत येऊन त्यातून दृश्ये रचायची. शेवटच्या दिवशी सगळ्या गटांचे सादरीकरण होते. त्याला ‘प्रयोग’ म्हणण्यापेक्षा ‘दाखवणे’ म्हणावे असे मला वाटते, कारण नेपथ्य जवळजवळ नसते, रंगभूषा नसते, आणि रंगीत तालीमही बहुधा झालेली नसते.

मुलाचे इंग्रजी कच्चे आहे. त्याचा निभाव लागेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो विचारताना पालकांचा आवाज हमखास खाली जातो. मराठी माध्यमातल्या मुलाने या कारणासाठी मागे राहू नये, असे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. सूचना इंग्रजीत दिल्या जातात हे खरे, परंतु त्या गोलात इंग्रजी ही मातृभाषा असलेली मुले कित्येकदा मोजकीच असतात. जपानी, अरबी किंवा पोर्तुगीज बोलणारी मुलेही तितकीच अडखळत असतात. शरीर, लय, शांतता, समूहाची हालचाल आणि स्थिरचित्र, म्हणजे एखाद्या क्षणी सगळ्यांनी गोठून उभे केलेले दृश्य, ही या कामाची मुख्य साधने आहेत. पॅरिसमध्ये १९५६ साली शाळा काढणाऱ्या जॅक लकॉक यांनी शब्दांआधी शरीर घडवण्याची जी पद्धत रुजवली, तिचा ठसा अशा कार्यशाळांवर ठिकठिकाणी दिसतो.

एक प्रसंग जवळून सांगण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी सगळे गोल करून उभे होते आणि प्रत्येकाने आपले पूर्ण नाव सांगायचे, बाकीच्यांनी ते एकसुरात म्हणायचे, असा खेळ चालला होता. आमच्या एका मुलीचे आडनाव कांबळे. कोणी ‘कांबले’ म्हटले, कोणी ‘कांबडे’. शाळेत एरवी खालच्या आवाजात बोलणारी ही मुलगी गोलाच्या मध्ये आली, तिने तोंड उघडून जीभ मागे वळवून दाखवली आणि प्रत्येकासमोर जाऊन ‘ळ’ म्हणवून घेतला. मग एका फ्रेंच मुलाने आपल्या नावातला घशातला ‘र’ तिला शिकवला, आणि तो तिला शेवटपर्यंत नीट जमला नाही. त्या गटाला नदी हा विषय मिळाला होता. तिसऱ्या दिवशी पाण्याचा आवाज कसा काढावा यावर खल चालला असताना तिनेच ‘खळखळ’, ‘सळसळ’, ‘झुळझुळ’ हे शब्द पुढे केले. सादरीकरणाच्या वेळी अंधारात निरनिराळ्या देशांची वीसेक मुले जमिनीवर आडवी होऊन हळूहळू ‘खळखळ’ म्हणत होती, आणि तो आवाज खरोखर पाण्यासारखा वाढत गेला. प्रेक्षकांत मराठी समजणारे आम्ही फक्त चौघे होतो.

तयारी म्हणून रोजच्या वापरातली शंभरेक इंग्रजी वाक्ये मुलांकडून बोलून घ्यावीत, विशेषतः ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य. लाजेपोटी मान डोलावण्याची सवय मोडली, की पुढचे बरेचसे सोपे होते.

मराठी रंगभूमीशी या देवाणघेवाणीचा जुना काही संबंध आहे का?

आहे, आणि तो चाळीस वर्षांचा आहे. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ पासून मुलांसाठी वेगळ्या वळणाची नाटके करायला घेतली, आणि १९७२ मध्ये त्या नाट्यसंस्थेने ‘ग्रिप्स’ हे नाव घेतले. बोलभाषेतल्या या जर्मन शब्दाचा अर्थ डोके, समज, चटकन उमगण्याची शक्ती असा होतो. परीकथा आणि राजपुत्र बाजूला ठेवून या नाटकांनी आजूबाजूच्या मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणले. खेळायला जागा नसणे, आई-वडिलांची भांडणे, परदेशातून आलेल्या शेजाऱ्यांविषयीचा संशय, मोठ्यांचे खोटे बोलणे, असे ते विषय होते. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात, गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातात, आणि नाटक मुलांना उपदेश न करता त्यांच्या बाजूने उभे राहते.

पुण्यात हे काम आणण्यात डॉ. मोहन आगाशे यांचा पुढाकार होता. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्याने मुलांच्या मनाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या नाटकांशी जुळणारी होती. मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या साहाय्याने, थिएटर ॲकॅडमी या नाट्यसंस्थेच्या कलावंतांनी १९८६ मध्ये मराठीतल्या ग्रिप्स नाटकांना सुरुवात केली. श्रीरंग गोडबोले यांनी केलेल्या रूपांतरांत बर्लिनच्या इमारती गेल्या आणि पुण्यातल्या सोसायट्या आल्या. जर्मनीतून दिग्दर्शक येऊन इथल्या नटांबरोबर काम करून गेले, इथले कलावंत तिकडे गेले. पुढे जर्मन मूळ नसलेली, पूर्णपणे इथेच लिहिलेली ग्रिप्स नाटकेही मराठीत झाली, आणि माझ्या मते देवाणघेवाण यशस्वी झाल्याची खरी खूण हीच आहे. उसनी घेतलेली पद्धत इतकी अंगवळणी पडावी, की तिच्यातून आपली गोष्ट सांगता यावी, यासाठी काही वर्षे जावी लागतात. चार दिवसांचा महोत्सव हे काम पूर्ण करू शकत नाही, फार तर त्याची ओढ लावू शकतो.

याआधीही बाहेरून आलेल्या वाऱ्याने आपले बालरंगमंच हलले होते. सुधा करमरकर यांनी अमेरिकेतली मुलांची रंगभूमी पाहून, अभ्यासून आल्यावर १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले, हे आजच्या नाट्यशिक्षकांनी विसरू नये.

आपली लोककला बरोबर न्यावी का? ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ करावा लागतो असे ऐकले आहे.

बहुतेक ठिकाणी एक संध्याकाळ त्यासाठी राखलेली असते. नऊवारी, फेटे आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर पाच मिनिटांची लावणी हा ठरलेला उपाय मी आता करत नाही. मुलांना जे स्वतःला येते आणि ज्याचा अर्थ ती समजावून सांगू शकतात, तेच न्यावे. लेझीम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. शाळेच्या मैदानावर शिकलेली चार पावले, हातातला तो छनछनाट आणि हलगीचा ठेका एवढ्यावर परदेशी मुलांना अर्ध्या तासात सामील करून घेता येते, आणि सामील करून घेणे हाच तर त्या संध्याकाळचा हेतू आहे.

वेळ असेल तर जाण्याआधी मुलांना आपल्याच मुलखातल्या कलावंतांकडे न्यावे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे, आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरची चित्रे एकामागून एक पुढे करत, गात गात कथा सांगण्याची ही रीत ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिली, त्याच्याकडे परक्या गटात बोलण्यासारखे काहीतरी असते. दशावतारातला संकासुर, त्याचा काळा वेश आणि लोंबणारी लाल जीभ, यांचे नुसते वर्णन केले तरी मुखवट्यांवर काम करणारी मुले कान टवकारून ऐकतात.

आणि दुसऱ्यांची कला? तीन दिवसांत कथकळी किंवा जपानी नो नाट्य शिकता येते का?

येत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमात नाटक विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जगातल्या एखाद्या अपरिचित नाट्यपरंपरेचा अभ्यास करावा लागतो, त्यामुळे महोत्सवांत अशा कार्यशाळांना मोठी मागणी असते. कार्यशाळेतून त्या परंपरेची शिस्त किती कठीण आहे, एवढे अंगाला कळते, आणि तेवढे कळले तरी पुरेसे आहे. ज्या कलेसाठी तिथली माणसे लहान वयापासून वर्षानुवर्षे गुरूपाशी राबतात, तिच्या दोन मुद्रा उचलून आपल्या नाटकात सजावटीसारख्या वापरू नयेत, ही गोष्ट मुलांना आधीच सांगावी लागते. धार्मिक विधीचा भाग असलेले मुखवटे आणि वेश यांच्याबाबत तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. आपल्या जागरण-गोंधळाचे कोणी असे केले तर आपल्याला कसे वाटेल, एवढा प्रश्न मुलांना पुरतो.

कोणत्या वयापासून पाठवावे?

शालेय महोत्सवांत साधारण अकरा ते चौदा आणि चौदा ते अठरा असे दोन वयोगट असतात. पहिल्यांदा एकटे राहण्याची सवय नसलेल्या मुलाला एकदम परदेशी धाडण्याआधी आपल्याच राज्यातले एखादे निवासी नाट्यशिबिर करू द्यावे.

राहण्याची सोय परक्या कुटुंबात असते असे कळले. हे सुरक्षित आहे का?

अनेक महोत्सवांत पाहुण्या मुलांना यजमान शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या घरी ठेवतात. खर्च कमी होतो हे एक कारण, आणि रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर जे शिकायला मिळते ते सभागृहात मिळत नाही, हे दुसरे. तरीही काळजी वाटणे योग्यच आहे, आणि पालकांनी प्रश्न विचारल्याने कोणीही आयोजक नाराज होता कामा नये. यजमान कुटुंबांची पडताळणी कोण करते, दोन मुले एकत्र ठेवली जातात का, मुलाला स्वतंत्र पलंग आणि आतून लावता येणारे स्नानगृह आहे का, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, तक्रार कोणाकडे करायची, या सर्वांची उत्तरे लेखी मिळायला हवीत. भारतात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. आपण स्वतः यजमान असलो, तर या कायद्याची माहिती प्रत्येक स्वयंसेवकाला दिलीच पाहिजे.

नाटकाच्या कामात स्पर्श येतो, म्हणून स्पर्शाचे नियम पहिल्याच तासाला ठरवावेत. कोणताही व्यायाम नाकारण्याचा अधिकार मुलाला आहे, आणि तो वापरल्यावर कारण विचारले जाणार नाही, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावे. छायाचित्रे आणि चित्रफिती कुठे टाकल्या जाणार, याचीही पालकांकडून वेगळी संमती घ्यावी.

खाण्यापिण्याबाबत आधीच स्पष्ट कळवावे. शाकाहारात अंडे चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे यजमानांना आपणहून समजणार नाही. मेतकूट, चटणी आणि दशम्या बरोबर देण्याला माझी हरकत नाही, फक्त मुलांनी तो डबा खोलीत लपवून न खाता यजमानांच्या टेबलावर उघडावा.

कोणती कागदपत्रे लागतात?

पासपोर्टची तयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी. भारतात अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षे किंवा मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्ट घेण्याचा पर्यायही आहे. पालकांविना प्रवास करणाऱ्या मुलासाठी आई आणि वडील दोघांचेही नोटरी केलेले संमतिपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवावा. युरोपच्या शेंगेन क्षेत्रात जायचे असेल, तर व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय खर्च भागवणारा प्रवासविमा आवश्यक असतो. आयोजकांच्या निमंत्रणपत्रात मुलाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने असावे. वडिलांचे नाव मध्ये घालण्याच्या आपल्या रीतीमुळे इथे हमखास घोळ होतात.

मुलगा फार बुजरा आहे. त्याला पाठवून उपयोग होईल का?

बुजरी मुले या कामात कित्येकदा उत्तम ठरतात, कारण ती पाहतात आणि ऐकतात. समूहाने मिळून दृश्य रचताना सतत बोलणाऱ्यापेक्षा वेळेवर एकच नेमकी सूचना करणाऱ्याची किंमत मोठी असते. मात्र ‘तो जरा सुधारेल’ या अपेक्षेने त्याला पाठवू नये. त्याला स्वतःला जायचे आहे का, हे आधी विचारावे.

भूमिका लहान मिळाली तर एवढा खर्च वाया गेला असे होत नाही का?

सहनिर्मितीत मुख्य भूमिका असा प्रकार बहुधा नसतोच. सादरीकरणाची चित्रफीत पाहून ‘तू किती वेळ दिसलास’ असे मोजू नये. तुझ्या कोणत्या कल्पनेचे पुढे काय झाले, कोणी ती बदलली, आणि बदललेली तुला आवडली का, हे विचारावे. मुले या प्रश्नांवर तासभर बोलतात.

सोबत जाणाऱ्या शिक्षकाने काय करायचे?

तालमीच्या खोलीबाहेर राहायचे. हे वाटते तितके सोपे नाही. आपल्या शाळेचे मूल मागच्या ओळीत उभे दिसले, की पुढे सरकवण्यासाठी हात शिवशिवतात, आणि विंगेतून खुणा करण्याची आपली सवय तर हाडीमांसी खिळलेली असते. पण तो गट आता दुसऱ्या कलावंताचा आहे. चांगले महोत्सव शिक्षकांसाठी वेगळ्या कार्यशाळा ठेवतात, आणि तिथे स्वतः विद्यार्थी होऊन घाम गाळलेला शिक्षक परत आल्यावर वेगळ्या तऱ्हेने शिकवतो. रात्री मात्र आपल्या मुलांना अर्धा तास एकत्र बसवावे आणि त्यांना मराठीत मनमोकळे बोलू द्यावे. दिवसभर दुसऱ्या भाषेत वावरलेल्या मुलांना त्या अर्ध्या तासाची फार गरज असते.

परीक्षेच्या वर्षी जावे का?

दहावी-बारावीच्या दुसऱ्या सत्रात जाऊ नये. एरवी आठवडाभराची शाळा बुडाल्याने भरून न निघणारे नुकसान होत नाही.

एवढा खर्च आम्हाला परवडणार नाही. आमच्या मुलांसाठी यात काही आहे का?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विमानभाडे, व्हिसा, विमा आणि नोंदणी मिळून होणारा खर्च बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेर आहे, हे मान्यच करायला हवे. युरोपीय संघाच्या अनुदानावर तेरा ते तीस वयाच्या तरुणांची पाच ते एकवीस दिवसांची युवक-शिबिरे होतात, पण ती मुख्यतः युरोप आणि त्याच्या शेजारच्या देशांसाठी आहेत. आपल्या गटांनी त्यांवर विसंबून बेत आखू नये. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम प्रत्येक मुलाला कलाजीवनात सहभागी होण्याचा हक्क देते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. हा हक्क विमानाच्या तिकिटावर अवलंबून राहता कामा नये, म्हणून आपण काय करू शकतो ते सांगते.

आमच्या भागातल्या एका मराठी शाळेचे आणि चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेचे, महोत्सवासारखेच मिळून नाटक रचण्याचे, शिबिर आम्ही केले. दोन्हीकडची पंधरा-पंधरा मुले, सुट्टीतले चार दिवस, शाळेचे सभागृह आणि दुपारची खिचडी, एवढ्यात ते झाले. एकाच चौकातून रोज ये-जा करणाऱ्या या मुलांना एकमेकांची नावे माहीत नव्हती. विषय होता ‘आमचा चौक’. पहाटेच्या अजानेपासून रात्रीच्या शेवटच्या एसटीपर्यंतचे सगळे आवाज मुलांनी तोंडाने काढले, आणि त्यातला कोणता आवाज कोणाच्या घरून ऐकू येतो यावरून त्यांनी जमिनीवर खडूने एक नकाशा काढला. नाटक त्या नकाशावरच झाले. परदेशातल्या मुलांबरोबर काम करायचेच असेल, तर उत्तर अमेरिकेत आणि इतरत्र महाराष्ट्र मंडळांतर्फे चालणाऱ्या मराठी शाळांशी दूरदृश्य जोडणीवरून सुरुवात करता येते. तिथली मुले मराठीत अडखळतात, इथली इंग्रजीत, त्यामुळे दोघांनाही सारखेच संकोच असतात.

सुरुवातीला लागणारे सामान थोडे आहे. एक मोकळी खोली, खडू, एखादे ढोलके, पिण्याचे पाणी आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली मुले जमली, की त्यांना गोल करून उभे करावे आणि पहिला पूर्ण तास फक्त नावांना द्यावा. घाई करू नये. प्रत्येकाचे नाव सगळ्यांना नीट म्हणता येईपर्यंत पुढच्या खेळाकडे जाऊ नये.